रोझीचा डावा पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, कन्फेशनला फादरच्या कानातही नाही. तिथे बाकी सगळं ओतून यायची – शेजारणीची कोंबडी दडवली, सासूला उलट बोलले – पण हे जिभेवर यायचं आणि मी गिळायची. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आम्हा किरिस्तावांत साखरपुड्याला मंडपात नाच असायचा. वॉल्ट्झ. मुलगा-मुलगी पहिल्यांदा एकमेकांचा हात धरणार ते तिथेच, सगळ्यांसमोर. मग आधी सराव करायचा कुणाशी? मुलींनी मुलींशीच. दुपारी, मासळी वाळवायच्या खळ्यावर. एकीने पुरुष व्हायचं. मी त्याआधी मुंबईला मावशीबरोबर एका क्लबाच्या स्वयंपाकघरात कामाला होते. दारातून बघून बघून दोन्ही बाजू शिकले – पुरुषाचा डावा पाय पुढे, बाईचा उजवा मागे. तो पुढे आला की तिने जागा द्यायची आणि दोघांनी मिळून वळायचं. एवढंच तर असतं.

रोझी माझी चुलतबहीण. तिचं बोटीवरच्या बस्त्यांवशी ठरलं. मला बस्त्यांव हवा होता का? नव्हता हो. तसं असतं तर निदान काही सांगता आलं असतं. रोझी हसली की सगळं खळं हसायचं – ते मला बघवत नव्हतं. तिला एकदा चारचौघांत तोंडघशी पडलेली बघायची होती.

मी तिला पुरुषाची पावलं शिकवली, ही बाईची म्हणून. आणि स्वतः – हे नीट ऐका – स्वतः बाईची टाकली. मग अडणार कुठे? ती पुढे, मी मागे, बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून गोल गोल. "मारी, किती हलकं वाटतं गं," म्हणायची. मी म्हणायची, मान वर ठेव.

मंडपात बाजा सुरू झाला. पहिल्याच पावलाला दोघंही पुढे. गुडघ्यावर गुडघा. लोक हसले, त्यांनी पुन्हा धरलं. वळण आलं तशी ती त्याच्या अंगावरच गेली आणि बस्त्यांव पांढऱ्या सुटासकट वाळूत बसला. त्याची आत्या म्हणाली, "आताच नवऱ्याला ढकलते हाय. घरात आल्यावर बसवूनच ठेवील." सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? मी.

आठवड्याच्या आत त्यांच्याकडून नकार आला. रोझी माझ्याकडे आली ती रडायला नाही – माफी मागायला. मी एवढं जीव लावून शिकवलं आणि तिने त्याची माती केली, म्हणून. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, घाबरलीस, दुसरं काय.

ती पुन्हा नाचली नाही. लग्नही केलं नाही. शेजारीच राहिली. माझी बाळंतपणं तिनेच काढली.

माझी मुलगी चौदाची झाली तेव्हा तिला मी त्याच खळ्यावर शिकवायला घेतलं. रोझी तिथेच मासळी उलटत होती. "बाईचा उजवा मागे," मी मुलीला म्हटलं – आणि तोंडातून गेलेलं आता परत कुठे घेणार? रोझी मुलीच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने टोपली खाली ठेवली, लुगडं जरा वर धरलं आणि एकटीनेच उजवा पाय मागे टाकला. हळूच. पुन्हा एकदा.

टोपली उचलून ती परत मासळी उलटायला लागली. संध्याकाळी नेहमीसारखी माझ्या घरी सुके बोंबील घेऊन आली. मी बोंबील घेतले.