बास्केटखालची जागा

आमचे बास्केटबॉलचे सर लोकांना अजून देवमाणूस वाटतात. सिकंदराबादच्या त्या मैदानावर पोरं सोडायला येणाऱ्या कुठल्याही आईबापाला विचारा, कौतुक करताना थकणार नाहीत. माझ्यासमोर मात्र त्यांचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाराव्या वर्षी मी वर्गातल्या मुलग्यांपेक्षाही उंच होते. बाबा रेल्वेत, आमच्या क्वार्टरमागेच बास्केटबॉलचं मैदान. सरांनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थेट बास्केटखाली नेऊन उभं केलं. "हाथ ऊपर. बॉल आया तो पकड़ना, वैसाइच डालना. बस." मला तर चेंडू टप्पे मारत पळवायचा होता. एकदा पळवला, तर लगेच शिट्टी. "तेरे कू टप्पा मारने कू कौन बोला? वो छोटी बच्चियों का काम है." त्या दिवशी सराव संपेपर्यंत मी मैदानाबाहेर उभी होते. पुन्हा म्हणून चेंडू खाली आपटला नाही.

आणि आम्ही जिंकायचो, हे खोटं कशाला बोलू. समोरच्या पोरींचे हात माझ्या कोपरापर्यंतसुद्धा पोचायचे नाहीत. सर कप धरून फोटो काढून घ्यायचे. आई मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढायची आणि बाबा अख्ख्या क्वार्टर्समध्ये 'आमची लेक स्टेटला खेळणार' असं सांगत सुटले होते. मलाही तेच हवं होतं, स्टेटची जर्सी. दुसरं काहीही नको होतं.

मग माझी उंची थांबली. ज्यांच्या डोक्यावरून मी आरामात चेंडू टाकायचे, त्या पोरी बघता बघता माझ्या बरोबरीला आल्या आणि पुढे गेल्या. मी दाराच्या चौकटीला लोंबकळून बघितलं, आईने दुधात काय काय घालून पाजलं. कसली वाढतेय! शेवटी सरांना म्हटलं, "सर, टप्पा मारना सिखाओ ना." म्हणाले, "टूर्नामेंट सर पे है, अब नक्को." ह्या माणसाच्या डोक्यावर बारा महिने टूर्नामेंट बसलेली असायची. माझं काय होणार ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

स्टेटच्या निवडीला एक बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "इस हाइट में गार्ड खेलना पड़ता, बेटा. बॉल आगे लेके आओ." गार्ड म्हणजे चेंडू पळवत पुढे आणणारी. मी निघाले. दोन-तीन टप्पे पडले आणि चेंडू माझ्याच बुटावर आपटून लांब गेला. त्यांनी पुन्हा दिला, पुन्हा तेच. कडेला बसलेल्या पोरी हसायला लागल्या.

बाईंनी जवळ बोलावलं. रागाने नाही, अगदी मायेने विचारलं, "अभी अभी खेलना शुरू किए क्या?"

सर शेजारीच उभे होते. चार वर्षं मी त्यांच्या कपांसाठी हात वर करून उभी राहिले होते. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तेच म्हणाले, "हौ मैडम, नई है."