झाकलेला तांब्या

आमच्या घरात कुणी बाळंत झालं की आजी पाळण्याजवळ एक तांब्या भरून ठेवायची. पितळेचा, काठाशी चेपलेला, वर पालथी वाटी. ते पाणी कुणी प्यायचं नाही, त्यात कुणी हात घालायचा नाही. रोज सकाळी जुनं पाणी जास्वंदीला ओतायचं आणि नवं भरायचं. लेकरू सव्वा महिन्याचं झालं की तांब्या परत फळीवर.

मी त्या तांब्याला भ्यायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. धाकट्या चुलतभावाच्या पाळण्याशेजारी तो पाहून आईला विचारलं, हे कशाला? आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकरू जाऊन राह्यलं असं वाटलं तं आजी त्याच्या डोक्यावर पानी टाकते." जाऊन राह्यलं म्हणजे कुठे, हे मला बरोबर कळलं. त्या दिवसापासून त्या खोलीत मी भिंतीला घासत चालायचे. वाटीला आपला धक्का लागला तर भाऊ मरणार, अशी माझी पक्की समजूत होती.

आजी लुथरन पंथाची ख्रिस्ती होती. धारणीच्याही पलीकडची, सातपुड्यातल्या एका खेड्यातली. लग्न होऊन अमरावतीला आली ती दुसऱ्या मिशनच्या घरात. बायबल दोन्हीकडे तेच. पण आजीकडे तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा करतात, डोक्यावर पाणी घालून; त्याशिवाय लेकरू गेलं तर ते देवाकडे पोचतं की नाही, ही त्यांची धास्ती. आमच्याकडे माणूस मोठं होऊन स्वतः श्रद्धा कबूल करतं तेव्हा, हौदात पूर्ण बुडवून. त्यामुळे आमच्या चर्चच्या हिशेबी आजीचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. किती पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येऊन तिला समजावून गेले. आजी त्यांना चहा द्यायची, बिस्किटं द्यायची आणि म्हणायची, "एक डाव भिजली मी. आता काय लुगड्यावानी पिळता मले?"

नवरा तरुणपणीच गेला. मिशनच्या वसतिगृहात पोळ्या लाटून तिनं तीन पोरं मोठी केली. मोतीबिंदू झाला, खुबा मोडला, काठी घेऊन पुन्हा चालायला लागली. दर रविवारी आमच्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायची. पण लुथरन ती लुथरनच राहिली. तांब्यावरून घरात सगळे तिच्या माघारी हसायचे. तो उचलून ठेवायची हिंमत मात्र कुणाची नव्हती.

माझं लग्न अकोल्यात झालं. लेक सातव्या महिन्यातच झाली, तीही भर मे महिन्यात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, पायाला तार, आणि पाय माझ्या बोटाएवढा. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. सिस्टर पडदा सारून बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे नाही, चपलांकडे बघायचे. चपला दुसऱ्या कुणाकडे वळल्या की हायसं वाटायचं आणि लगेच त्या दुसऱ्या बाईची लाज वाटायची.

एका दुपारी डॉक्टर म्हणाले, श्वास मध्येच थांबतोय, घरच्यांना कळवा. नवऱ्यानं अमरावतीला फोन केला. आजीला कुणी बोलावलं नव्हतं. नव्वदी ओलांडलेल्या बाईला त्या उन्हात कोण बोलावतं? तरी ऊन उतरायच्या आत काकाला घेऊन एसटीनं ती हजर झाली. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीच्या फुगवट्यावरूनच आत काय आहे ते मी ओळखलं.

"ते बाहेर ने आधी!" मी ओरडलेच. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली.

 आजी बाकावर बसली, पिशवी पायाशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं. मग सिस्टरला आत जाऊ देण्याबद्दल विचारलं. फक्त आईच जाऊ शकते, असं उत्तर मिळालं.

"मंग तू कर," आजी मला म्हणाली.

"मी? बाप्तिस्म्याला पाळक लागतो ना?"

"अडचनीत कोनीबी करते. आमाले लहानपनीच शिकवलं हाय."

मी नाही म्हटलं. पाणी घालणं म्हणजे तिला सोडून देणं, असं मला वाटत होतं. मी पाणी लावलं की ती जाणार. पाच-सहा वर्षांच्या पोरीची समजूत माझ्या अंगातून गेलेलीच नव्हती. तेही मी तिला बोलून दाखवलं, रडत रडत.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या बापाच्या आधी मले एक पोरगी झाली व्हती."

काका शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यानंही हे कधी ऐकलं नव्हतं.

"आठवड्याची बी नव्हती. अंग निळं पडून राह्यलं. पानी माह्या हातात व्हतं. सासू म्हने, आपल्यात असं नाई करत. मी भेली. तांब्या खाली ठेवला. थोड्या येळानं पोरगी गेली." तिनं पिशवीचे बंद सारखे केले. "तवापासून रोज देवाले पुसते, माही पोरगी कुठं हाय."

"देव काय म्हणतो?"

"काई नाई म्हनत."

 आजीनं माझं मनगट धरलं. हात हाडकुळा होता, पण पकड पोळ्या लाटणाऱ्या बाईचीच. "हे पानी मरासाठी नसते वं. जगली तरी त्याची, गेली तरी त्याची. भेव वाटते तं वाटू दे. भेत भेत कर. पन कर."

तांब्या आत नेता येईना. मी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला आणि सिस्टरला कसंबसं सांगितलं. तिनं काहीही न विचारता निर्जंतुक पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा माझ्या हातात दिला.

बोळा मी लेकीच्या कपाळाला लावला. पित्याच्या नावानं म्हटलं आणि यंत्र वाजायला लागलं. गेली, असंच वाटलं.  सिस्टरनं लेकीच्या तळपायावर टिचक्या मारल्या. यंत्र थांबलं. मग पुत्राच्या, मग पवित्र आत्म्याच्या. तिसऱ्या वेळी पाणी लागताच लेकीनं कपाळाला आठ्या घातल्या, अगदी वैतागल्यासारख्या. माझी भीती कणभरही कमी झाली नव्हती.

बाहेर आल्यावर आजीनं एकच विचारलं.

"पानी लागलं तवा सास व्हता?"

"होता."

"पाह्यला तू?"

"पाहिला. आठ्या घातल्या तिनं."

आजीनं पदर तोंडावर घेतला आणि हमसून हमसून रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या लेकीसाठी रडत नव्हती, एवढं मला कळलं.

लेक जगली. घरी आली तेव्हा मी अजूनच भित्री झाले होते. आजी तांब्या आमच्याकडेच ठेवून गेली होती. तो मी घासला, भरला, वाटी झाकून पाळण्याजवळ ठेवला आणि रोज पाणी बदलू लागले. नवरा हसला नाही.

पोळ्याच्या सुमारास आजी लेकीला बघायला आली. पाळण्यात डोकावली, लेकीच्या कपाळावरून अंगठा फिरवला. मग तिची नजर तांब्याकडे गेली.

"असू दे," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

"तिचं झालं नं एक डाव?" असं म्हणून तिनं वाटी काढली, तांब्या वर धरला आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. ज्या पाण्याला तिनं जन्मभर कुणाला हात लावू दिला नव्हता, ते.  रिकामा तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "लय तहान लागली व्हती. च्या ठेव आता."

पुढच्या वर्षी आजी गेली. लेक आता शाळेत जाते. उन्हातून आली की त्याच तांब्यानं वरून पाणी पिते, अर्धं अंगावर सांडते. तिला ठसका लागला की मी अजूनही स्वयंपाकघरातून धावत येते.