कुऱ्हाडवाली आणि कूलर

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मे महिन्यात नवी हौस लावून घेऊ नये. लावायचीच तर झोपेची लावावी. मी मात्र अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या एका बाईला रंगवायला घेतलं.

बाई माझ्या मुलीची. दर रविवारी मुलगी नागपुरातच, सदरला, मित्रमैत्रिणींकडे एक खेळ खेळायला जाते. टेबलावर गुहा आणि राक्षस मांडतात, फासे टाकतात, आणि प्रत्येक जण आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो. थोडक्यात नाटकच, फक्त तिकीट नाही. मुलीचं पात्र म्हणजे ही कुऱ्हाड घेतलेली बुटकी लढवय्यी. कॉलेजपासून लढते आहे बिचारी, पण अंगावर रंगाचा थेंब नाही. आता मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. रविवारी शेवटचा डाव, सोमवारी गाडी.

"बाबा, मले वेळच नाही. तुम्ही द्याल रंगवून? पण सांभाळून हं. ही आता कुठे मिळत नाही."

मी छातीवर हात ठेवून मान झुकवली. "जशी आज्ञा, राजकन्ये." तरुणपणी हौशी नाटकांत मी दोन वाक्यांचे बरेच दरबारी केलेत, ते अजून अंगातून गेलेले नाहीत. खरं कारण वेगळं होतं. तिची बॅग भरत होती. आई लोणचं देणार होती. त्या बॅगेत माझ्या हातचं काही जात नव्हतं.

रंग नीट धरावा म्हणून आधी प्रायमरचा फवारा मारायचा असतो. व्हिडिओतला माणूस जाकीट घालून सांगत होता, मोकळ्या हवेत मारा, जागा कोरडी बघा. मी भर दुपारी गच्चीवर गेलो. इतकी मोकळी आणि कोरडी जागा त्याने जन्मात पाहिली नसेल. डब्यातून फवारा निघाला तेव्हा ओला होता. बाईपर्यंत पोहोचेस्तोवर हवेतच वाळला आणि तिच्या अंगावर रव्यासारखा बसला. नाकावर रवा, वेण्यांवर रवा, कुऱ्हाडीवर रवा.

मुलीने तिला डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "बाबा, हिले घामोळं आलं काय?"

जुन्या टूथब्रशने घासघासून मी ते घामोळं काढलं.

मग सुरू झाला तो आठवडा. मी काम करतो त्या वाडीच्या गोदामात दिवसभर ट्रक लागतात. माल उतरवून घ्यायचा, चढवून द्यायचा, ड्रायव्हरांशी भांडायचं. संध्याकाळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर तापलेल्या रस्त्याने घरी यायचं. अंग असं झालेलं असायचं, की चप्पल काढायलाही कुणीतरी मदतीला हवं. तसा मी कूलरसमोर बसायचो आणि चार केसांचा ब्रश हातात घ्यायचो. पोत्यांच्या थप्प्या मोजणारी नजर, तिला आता बाईच्या पट्ट्याचं बक्कल शोधायचं होतं. श्वास घेतला की हात हलायचा. रोखला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर ब्रश चहात बुडवला आणि चहा संपवलाही. झगा लाल झाला, कातडी गव्हाळ झाली. राहिले डोळे.

बायको मागून डोकावली. "काय करून राहिले जी?"

"डोळे काढतो आहे."

"एक लकडगंजले पाहून राहिला, एक वाडीले."

खरंच होतं ते. लकडगंज पूर्वेला, वाडी पश्चिमेला; अख्खं नागपूर बाईच्या दोन डोळ्यांमध्ये मावत होतं. मी पुसले, पुन्हा काढले. तिसऱ्या खेपेला ती समोर बघू लागली. किंवा मीच तिरळा झालो असेन. थकलेल्या माणसाला काय, सगळं सरळ दिसतं.

शनिवारी फक्त वॉर्निश मारायचं उरलं होतं. रंग खरवडला जाऊ नये म्हणून वरून मारायचा शेवटचा फवारा. गच्चीवरचा धडा मी विसरलो नव्हतो. उन्हात जायचंच नाही. मी शहाणपणाने कूलर पूर्ण सोडला, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांमधून ओली, गार हवा येऊ लागली, बाईला त्या हवेच्या पुढ्यात उभं केलं आणि फवारा मारला.

बघता बघता तिच्यावर धुकं उतरलं. लाल झगा पांढुरका झाला, गव्हाळ चेहरा राखेसारखा, डोळे गेले. ओल वॉर्निशमध्ये अडकते हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की आठवडा गेला, बाई गेली आणि उद्या रविवार आहे. संतापायला ताकद लागते. ती नव्हती. मी फरशीवर बसलो.

स्वयंपाकघरातून बायको आली. लोणचं कालवणं अर्धवट, हात कोपरापर्यंत तेलात.

"काहून जी, असे काहून बसले?"

मी बोट दाखवलं. तिने सरळ बाई उचलली.

"अगं, हात! तेलाचे हात!"

घाबरून तिने ती मला परत दिली. खांद्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उठला होता आणि त्या ठशात झगा लाल दिसत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोरडी पडली बिचारी," बायको म्हणाली. "तेल मागून राहिली."

कान साफ करायच्या काड्या घेऊन आम्ही दोघं तिथेच बसलो आणि बाळाला लावावं तसं तिला तेल लावलं. लोणच्याचंच तेल, दुसरं शोधायला उठणार कोण? धुकं विरत गेलं. झगा आला, वेण्या आल्या, समोर बघणारे डोळे आले. पाठीमागच्या घडीत थोडं पांढरं राहिलं आणि डाव्या गालावर हळदीची पिवळी छटा बसली, ती काही निघेना.

रविवारी मुलगी सदरहून परतली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो.

"बाबा, सगळे विचारून राहिले होते, हिले लोणच्याचा वास काहून येते म्हणून."

"मग तू काय म्हणाली वं?"

"म्हटलं, घरचा आहे."

तिने बाईला मऊ मोज्यात गुंडाळलं आणि बॅगेत लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलं. मग चेन लावली. मी कूस बदलली आणि दरबारी थाटात काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण जांभईच आली.