जाळ्याचा वाटा

राज्यातल्या जंगलांत आणि मासेमारीत राबणारी माणसं महिन्याला खरंच किती कमावतात, याची नोंद ठेवण्याचं काम कॉलेजातल्या आमच्या विभागाकडे आलं होतं. सोलापूर जिल्ह्यासाठी मी आणि वर्गातली एक मुलगी असे दोघं होतो. दोन फेऱ्यांनंतर सर एकालाच वर्षभरासाठी ठेवणार होते. ती जागा मला फार हवी होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मंद्रूपकडच्या आमच्या गावात ‘पोरगं तितं शिकतंय तरी काय?’ असं कुणी विचारलं, की मेंढरं राखणारे माझे वडील मेंढरं हाकत पुढं निघत.

तिचे वडील बँकेत. तिला कुणाशीही बोलता यायचं, याचा मला हेवा वाटायचा.

पहिल्या फेरीला वनखात्याच्या रोपवाटिकेत बायका पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. मी उभ्यानंच वाचलं, “आपलं मासिक उत्पन्न किती?” त्या हसल्या. ती मात्र सरळ खाली बसून पिशवी भरू लागली. “मावशी, दिवसाला किती होतात ओ?” घटकाभरात तिचे चार फॉर्म भरून झाले.

“सायब, बसा की. माती चावत न्हाय,” एक मावशी मला म्हणाली.

वर्गातल्या त्या मुलीपेक्षा चांगली पिशवी मला भरता आली असती. पण मातीतून उठून इथवर आलो होतो, परत तिथं बसायची लाज वाटली.

नंतर आम्ही उजनी धरणाच्या काठावर गेलो. तिथल्या कोळ्यांचे फॉर्म तिनंच भरले, मी बेरजा तपासायच्या होत्या. परतताना एसटीत तिनं गठ्ठा माझ्याकडे दिला. होडीवर माणसं दोन, पण चिलापी माशाचे पैसे आले की वाटे चार: एकेका माणसाचा एक, होडीचा एक, जाळ्याचा एक. होडी-जाळं ज्याचं, त्याच्या हातात तीन वाटे पडायचे. तिनं ते तिन्ही त्याची कमाई म्हणून लिहिले होते. पण होडीचा आणि जाळ्याचा वाटा डागडुजीत आणि नव्या जाळ्यात जातो. आमच्याकडेही मेंढरं वाट्यानं असतात. वडील म्हणतात, “वाटा मोठा दिसतुया, पर खातंय कोण ते बघ.”

“बरोबर आहे ना?” तिनं विचारलं.

“बेरीज बरोबर आहे,” मी म्हणालो आणि गठ्ठा परत दिला. सरांना चूक सापडेल, अशी मी वाट बघत होतो. सरांनी तर कौतुक केलं.

दुसऱ्या फेरीला त्याच काठावर एका म्हाताऱ्या कोळ्यानं मला विचारलं, “माजं किती लिवलंय, वाच की.” मी वाचलं.

तो हसला. “एवढं? मग अकलूजला बंगला न्हाय का बांधला आसता?” मग त्याचं हसू गेलं. “ह्ये वर जानार व्हय? मग जाळ्याला मदत मागाया गेलो, तर कोन दील?”

ती पलीकडच्या होडीजवळ होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. “अरे, जाळ्यालाही पोट असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” आणि मोकळं हसली. मग विचारलं, “तुला कधी कळलं?”

“मागच्या वेळी. एसटीत.”

तिनं फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला. “बरं,” म्हणाली, आणि पहिल्या घरापासून पुन्हा विचारत निघाली. मी मागून फॉर्मवरचे जुने आकडे खोडत होतो.

सरांच्या खोलीत ती म्हणाली, “चूक माझी, सर. यानं दाखवली.” कधी दाखवली, ते बोलली नाही. माझी एवढीशी चूक निघाली तरी माझे कान तापतात. ती मात्र बसायला खुर्ची ओढत ते बोलून गेली.

जागा तिलाच मिळाली.

पुढच्या महिन्यात स्टँडवर जायच्या आधी ती वर्गाच्या दारात थांबली. खांद्याला फॉर्मची पिशवी होती. “येतोस का? वाट्यांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“लेक्चर आहे,” मी म्हणालो.

त्या दिवशी लेक्चर नव्हतं.