पिवळं पाणी

दिराच्या घरी नळ आला याचं जयवंताबाईला दुःख नव्हतं. त्या नळावर बायका जाऊ लागल्या, याचं होतं.

इंदोऱ्याच्या त्या वस्तीत विहीर एकच, जयवंताच्या अंगणातली. तिचा नवरा बळीराम याने ती खणली होती. लहानपणी तो गावच्या विहिरीपासून लांब उभा राहायचा आणि कोणी वरून ओंजळीत पाणी ओततं का, याची वाट पाहायचा. नागपूरला येऊन दीक्षा घेतल्यावर त्याने आधी विहीर खणली आणि मग घराच्या भिंती उभ्या केल्या. "इथून कोणी रिकामं जाणार नाही," एवढंच त्याचं सांगणं असायचं.

बळीराम गेल्यावर विहीर जयवंताची झाली, आणि विहिरीबरोबरचा मानही. सकाळी बायका पाण्याच्या गुंड्या घेऊन यायच्या. जयवंता विहिरीच्या वट्ट्यावर बसून कोणाची सून कशी वागते, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ चालेल, यावर निकाल द्यायची. तिला विचारल्याशिवाय वस्तीत बारसंसुद्धा ठरत नसे.

मग तिचा धाकटा दीर रुपराव याने समोरच्याच घरात नळ घेतला. त्याची बायको गोपिका, जी कालपर्यंत "जाऊबाई, भरू का?" असं विचारून दोराला हात लावायची, तिच्या अंगणात आता रांग लागू लागली. नळाची धार बादलीत पडली की जयवंताला ती थेट कानात ओतल्यासारखी वाटे.

"नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणते," ती एकदा मोठ्याने बोलली.

"शिजते, जाऊबाई," गोपिका समोरून हसली. "खाली जाळ लावा लागते."

बायका खो-खो हसल्या. त्या दिवशी जयवंताला जेवण गोड लागलं नाही.

पावसाळा लागला आणि वस्तीत दोन-चार घरी काविळीने माणसं आडवी झाली. गोपिकाच्या घरात तर सून प्रेमिला पोटुशी. कार्पोरेशनचा ताराचंद नावाचा माणूस पाणी तपासायला आला. त्याच्याजवळ पेटीत काचेच्या नळ्या होत्या आणि औषधाची एक बाटली. गोपिकाच्या नळाचं पाणी त्याने नळीत घेतलं, वरून थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. मग जयवंताच्या विहिरीचं घेतलं. थेंब पडले, पण पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ. वरून पाऊस कोसळत होता. तो पेटी सावरत घाईने पुढच्या गल्लीत निघून गेला.

जयवंताला समजावून सांगायला कोणी लागत नव्हतं. वस्तीत कावीळ, आणि नळाचं पाणी पिवळं!

"पाह्यलं ना डोयानं?" ती घरोघरी सांगत सुटली. "माह्यं कसं साफ निघालं! तिच्या नळातच कावीळ हाय वं."

दुसऱ्या दिवशी रांग विहिरीवर परत आली. रांगेच्या शेवटी गुंडी कमरेवर घेऊन, मान खाली घालून गोपिका उभी होती.

"प्रेमिलासाठी पायजे, जाऊबाई."

"ने नं. नळाले काय झालं तुह्या?" जयवंताने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. गोपिकाने गुंडी पुढे केली. जयवंताने स्वतःच्या हाताने पाणी शेंदून तिची गुंडी काठोकाठ भरली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

एका दुपारी अंगण रिकामं असताना ताराचंद पुन्हा आला.

"मावशी, तुमच्या विहिरीत दवा टाकाची हाय."

"माह्यं पाणी साफ निघालं गा. जिथं पिवळं झालं तिथं टाक."

ताराचंदने कपाळावर हात मारला. "मावशी, नळाच्या पाण्यात आधीच दवा असते, जंतू मारणारी. ते दवा असली तरच पाणी पिवळं होते. पिवळं म्हणजे चांगलं! तुमच्या पाण्यात काहीच नाही, म्हणून रंग नाही आला. अन् पावसात गटाराचं पाणी झिरपून विहिरीत जाऊन राहिलं."

जयवंताने समोर गोपिकाच्या दाराकडे पाहिलं. तिने विचारलं, "पोटुशीले कावीळ झाली त?"

"जीवावर येते, मावशी. उद्या दवा घेऊन येतो. तवर कोणाले भरू देऊ नका. सगळ्याईले सांगसान नं?"

"सांगतो," ती म्हणाली. तो गेला.

ती विहिरीच्या काठावर बसून राहिली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गोपिकाचं चांगलं आणि माझं वाईट, हेच ना? तेवढ्यात गोपिका गुंडी घेऊन आलीच. जयवंताने दोर मागे ओढून घेतला.

"आज पाणी नाही."

"आटलं?"

"आटलं नाही. तुले देत नाही."

गोपिकाचा चेहरा पांढरा पडला. "मी बोललो असंन चार शब्द. म्हणून पाणी नाही म्हणता? भासऱ्यानं खणलेल्या विहिरीवर? माणसाले पाणी नाही?"

जयवंताच्या हातातला दोर सैल झाला. ज्या शब्दाला भिऊन बळीराम गाव सोडून आला, तो शब्द त्याच्याच विहिरीवर, तिच्याच तोंडून निघाला होता.

"तुह्या नळाचं चांगलं हाय," ती दात आवळून पुटपुटली.

"काय म्हणलं?"

"चांगलं हाय म्हणलं नं तुह्या नळाचं! पिवळं होते तेच चांगलं. माह्यं खराब हाय. ताराचंद सांगून गेला. प्रेमिलाले हे पाजू नको, घरात भरलं असंन ते आधी ओतून दे. झालं समाधान?"

गोपिकाने गुंडी खाली ठेवली. "बाकीच्याईनंबी नेलं नं सकाळी. चाला, सांगून येतो सगळ्याईले."

"थांब!" जयवंता उठली. पदर कमरेला खोचला. "तू काहून सांगतं? विहीर माही हाय. मीच सांगीन."

पहिल्या घरी तिने दारातूनच, खाली मान घालून सांगितलं. दुसऱ्या घरची बाई ऐकताक्षणी माठ उपडा करून, गुंडी घेऊन गोपिकाच्या अंगणाकडे धावत सुटली. जयवंताने तिकडे पाहिलं नाही. ती पुढचं दार वाजवत होती.