हिरीबाईचं अनुमोदन

खैरझिऱ्यात हिरीबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. सरपंच आमशा तिच्या दारावरून जाताना मोटरसायकलचा हॉर्नसुद्धा वाजवत नाही. बाई रागीट आहे, म्हणतात. असेल! पण त्या रागाला कारण आहे, आणि ते कारण रोज सकाळी नंदुरबारहून गाडीने खांडबाऱ्याला उतरतं, अकरा-साडेअकराला शाळेत उगवतं आणि दुपारच्या गाडीने परत जातं.

वीस वर्षं या बाईने बारडोलीकडे ऊस तोडला. दिवाळी झाली की भांडी पोत्यात भरायची, कोयता घ्यायचा, पोराला काखोटीला मारायचं आणि निघायचं. पोरगा स्टीफन मोठा झाला तो असा फडाफडावर. शाळेच्या हजेरीत त्याचं नाव होतं, पोरगा नव्हता. आज तिशीचा गडी बँकेत अंगठा लावतो. कारकून शाईचा पॅड त्याच्याकडे ढकलतो तेव्हा हिरीबाई मान फिरवून घेते. तो राग तिचा स्वतःवरचा आहे, त्याची वाच्यता ती कुणाजवळ करत नाही.

म्हणून स्टीफनची पोर लिडिया सहा वर्षांची झाली तेव्हा हिरीबाईने घरात जाहीर केलं, "ही पोर फडावर येणार नाही. मी हिला घेऊन इथंच राहीन, ही शाळेत बसेल."

स्टीफन म्हणाला, "आई, तुझा कोयता कमी झाला तर भागायचं कसं?"

"नाही भागलं तर भाकरीला मीठ लावून खाऊ. तुझं केलं तेवढं पुरे झालं."

मुकादम येऊन ओरडून गेला, भाऊबंद हसले. हसोत. सगळं जग शाळेसाठी गाव सोडतं, या बाईने शाळेसाठी गाव सोडायचं बंद केलं. दिवाळीनंतर सगळी वस्ती ओस पडते, म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. त्यात ही पोरीला घेऊन तीन हिवाळे राहिली.

त्याच जूनमध्ये शाळेवर नवे गुरुजी आले. हेमकांत गुरुजी, तापीकाठच्या प्रकाशा गावचे. चार इयत्तांना मिळून एकटेच. गावात राहायला जागा आहे का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि हिरीबाई हरखून गेली. तिचं घरकुल नुकतंच बांधून झालं होतं, दोन खोल्या, शाळेच्या अगदी समोर. ती म्हणाली, "हे घ्या गुरुजी. आम्ही दोघी मागच्या कुडाच्या घरात राहू." गावानेही हात लावला. कुणी न्हाणीघराला फरशी बसवली, कुणी खिडकीला जाळी ठोकली, आमशाने मोटरीचं पाणी दारापर्यंत आणून दिलं. गुरुजी गावात राहणार म्हणजे काय चेष्टा आहे!

रविवारी गुरुजी बायकोपोरांना घेऊन घर बघायला आले. ममताबाई भली बाई होती, नाव ठेवायला जागा नाही. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, लाईट जाते का विचारलं, दवाखाना किती लांब ते विचारलं. हिरीबाईने सगळं सांगितलं आणि दूध घरचं देईन म्हणाली. मग ममताबाईने विचारलं, "आणि आमच्या मुलांची शाळा?"

हिरीबाईने बोट दाखवलं. "ही काय, समोर. गुरुजींचीच!"

ममताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजी पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मग ममताबाई हळूच आपल्या अहिराणीत म्हणाली, "आठे ऱ्हायनूत ते पोरेसनं वाटोळं व्हई जाई." खांडबाऱ्याच्या बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला अहिराणी कळत नाही असं तिला वाटलं असावं. इथं राहिलं तर पोरांचं वाटोळं होईल, हे हिरीबाईने नीट ऐकलं आणि तरीही तिच्या हातावर चहाचा कप ठेवला.

"कळवतो, मावशी," गुरुजी म्हणाले. आठवड्याने कळलं ते दुसऱ्याच्या तोंडून. नंदुरबारला एका कॉलनीत घर घेतलं. का, तर कॉलनीच्या तोंडाशीच इंग्रजी शाळेची बस थांबते.

बरं, पोरांसाठी माणूस काय करत नाही? हिरीबाईने तरी दुसरं काय केलं होतं? तिने राग गिळला. राहू दे नंदुरबारला, पण वेळेवर येऊ दे, शिकवू दे.

पण वेळेवर येणं नाही की नीट शिकवणं नाही! वर दरवर्षी एक कागद. गुरुजी मुख्यालयी, म्हणजे याच गावात राहतात, असा ग्रामसभेचा ठराव लागतो, त्याशिवाय पगारातलं घरभाडं अडतं. ठरावाला सूचक आमशा, आणि अनुमोदक म्हणून शाळा समितीची अध्यक्ष हिरीबाई. सही करण्यापुरती अक्षरं तिला येतात. "मावशी, यंदा तेवढी करा. पोरांची शाळा मधेच कशी तोडू? पुढच्या जूनला येतोच राहायला." एकदा केली, दोनदा केली, तीनदा केली. तीन जून गेले. घरकुलाच्या त्या दोन खोल्यांत आता कांदे ठेवलेत.

यंदा लिडिया चौथीत गेली. चौथीनंतर गावात शाळा नाही. इथलं हे शेवटचं वर्ष, आणि पोरीला बाजारातल्या दुकानाची पाटी वाचता येत नाही. हिरीबाई स्वतः अडाणी, ती काय शिकवणार? ती रोज विचारायची, "आज काय शिकवलं?" पोर म्हणायची, "गुरुजी मोबाईलवर माहिती भरत होते."

जुलैमध्ये हिरीबाईच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती नंदुरबारच्या दवाखान्यात दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आणायला निघाली, रस्ता चुकली आणि भलत्याच कॉलनीत शिरली. सारखी सारखी घरं, दारात तुळशी, गेटपाशी स्कूटर. कोपऱ्यावर पोरं बसची वाट बघत उभी, गळ्यात टाय. आणि त्यात हेमकांत गुरुजी!

गुरुजी रस्त्यावर उकिडवे बसले होते. मांडीवर धाकट्या पोराची वही, पोराच्या हाताला स्वतःचा हात. "असं नाही राजा, वरून खाली ये. हां, आता वळव. शाब्बास! परत काढ." पोराने परत काढलं. परत चुकलं. गुरुजींनी न चिडता पुसलं आणि पुन्हा हात धरला. बस येईपर्यंत त्यांनी एकच अक्षर दहा वेळा काढून घेतलं आणि पोराच्या गालाचा मुका घेतला.

हिरीबाई किटली धरून उभी. तिच्या अंगाची लाही लाही झाली. अरे, येतं की याला शिकवायला! इतकं छान येतं! तीन वर्षं ती मनाची समजूत घालत होती की बिचाऱ्याला जमत नसेल, आपल्या पोरांची बोली कळत नसेल. कसलं काय! कळतं सगळं, जमतं सगळं. ते आपल्या पोरीवर खर्च करायचं नव्हतं, एवढंच. बहिणीला चहा पाजायचा राहिला, ती तशीच परत आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. रागाने रडू येतं तसं रडली.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा बसली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी इतर ठराव भराभर उरकले आणि म्हणाले, "ठराव क्रमांक नऊ. श्री. हेमकांत गुरुजी मुख्यालयी वास्तव्यास आहेत. सूचक, आमशा. अनुमोदक, हिरीबाई. बाई, करा सही."

"करते," हिरीबाई म्हणाली. "घर अजून रिकामं आहे. कांदे आज काढते. गुरुजींनी दोन्ही पोरांचे दाखले आणावेत आणि आपल्या शाळेत नावं घालावीत. त्याच दिवशी सही."

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. दरवर्षीसारखं दोन मिनिटांचं काम, आणि बाई अडून बसलेली. त्यांचा तोल गेला.

"मावशी, काहीतरीच काय बोलता! माझी पोरं इथं? इथं काय शिकणार ती?"

पोरांच्या तोंडातल्या गोळ्याही थांबल्या. गुरुजींना आपण काय बोललो ते कळलं, त्यांनी रुमाल काढला.

"भाऊसाहेब," हिरीबाई म्हणाली, आवाज न चढवता, "लिहा. गुरुजी म्हणतात, त्यांच्या शाळेत काही शिकता येत नाही. तसंच्या तसं लिहा. त्याला मी अनुमोदन देते."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. लावणारच, ते स्वतःही नंदुरबारलाच राहतात. "असा ठराव बसत नाही, बाई. मी नाही लिहिणार."

"मग माझी नात लिहील. चौथीत आहे. लिडिया, ये गं इकडे."

लिडिया पुढे आली. नव्या फ्रॉकला झेंडा टाचलेला. हिरीबाईने ठरावाची वही तिच्यापुढे सरकवली, भाऊसाहेबांच्या हातातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. "लिही बाळा. गुरुजी म्हणतात."

पोरीने वाकून 'ग' काढला. जीभ दातांत धरून मोठा, वाकडा 'ग'. मग पेन वर उचललं. आजीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. सगळं गाव तिच्या हाताकडे बघत होतं, आणि पोरीचे कान लाल झाले होते. सगळ्या गावासमोर पोरीची लाज आपणच काढली, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तरी तिने वही मागे ओढली नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "असे लांब काय उभे? इथं खाली बसा, तिचा हात धरा आणि पुढचं शिकवा. गाडीला अजून वेळ आहे."