आधी कोहळा

सकाळी चेन्नईत शोळिंगनल्लूरला आमच्या नव्या प्रयोगशाळेच्या दारात नजर काढायला कुंकू भरलेला कोहळा फोडला. तो लाल गर पाहून चेन्नईजवळच्या आवडी गावातला जुना कारखाना आठवला.

हात आत जाताच पत्रा दाबणारं मशीन थांबावं म्हणून मी सेन्सर बनवला होता. मालक म्हणाले, "भरवसा असेल तर स्वतःचा हात घाल." मी बाही सारली. सोबत काम करणाऱ्या मीनाक्षीने मला बाजूला ढकललं आणि नजर काढायला आणलेला कुंकवाचा कोहळा आत सरकवला. मशीन थांबलं नाही. कोहळ्याच्या चिंधड्या उडाल्या, माझं तोंड लाल झालं. सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं म्हणून तेव्हा राग आला तो मीनाक्षीचाच.

आता मालकाच्या जागी मी आहे. दुपारी नव्या सेन्सरच्या चाचणीला आमच्या तरुण इंजिनिअर मुलीने आपणहून बाही सारली. मी शिपायाला आणखी एक कोहळा आणायला पाठवलं.